रुखमाबाईनं होडीला दोर निवडला

दोर घ्यायला आलेलं गिऱ्हाईक आधी भाव विचारतं, मग जाडी विचारतं आणि शेवटी 'टिकेल ना?' असं विचारून दुकानदाराला खोटं बोलायला लावतं. रुखमाबाई मनवर यातलं काहीएक विचारत नसे. दिग्रसच्या बाजारात दीनानाथ शेठच्या दुकानात आली की ती चपला बाहेर काढायची, हात पदराला पुसायची आणि दोराचं भेंडोळं मांडीवर घेऊन खुशाल बसायची. मग डोळे मिटून दोर दोन्ही तळव्यांतून सरकवत एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जायची. मधेच थांबून पीळ उलटा फिरवून आत पाहायची, वास घ्यायची, आणि बरेचदा "हा नाई" म्हणून भेंडोळं बाजूला सारायची. दीनानाथ शेठ कुरकुर करत दुसरं काढायचा. काढणार नाही तर काय करेल? पंचक्रोशीतला कुठलाही विहिरीचं काम करणारा माणूस दुकानात शिरला की पहिला प्रश्न हाच विचारायचा, "रुखमाबाई कोणता नेते?"

हा मान तिला फुकट मिळाला नव्हता. तिच्या नवऱ्याची, भीमराजची, विहिरी खोदणारी टोळी होती. माती-दगड वर काढायला यंत्र असायचं, पण माणसं विहिरीत उतरायची ती वेगळ्या दोरावर. तो दोर वरच्या कप्पीच्या चाकावरून जायचा आणि त्याचं शेपूट रुखमाबाईच्या हातात असायचं. खाली भीमराज, वर रुखमाबाई, असा त्यांचा संसार एका दोराच्या दोन टोकांना चाळीस वर्षं चालला. एकशे सतरा विहिरी झाल्या आणि एकही माणूस पडला नाही. मारेगावकडच्या एका विहिरीवर कप्पीचं लाकूड सरकलं, तेव्हा पूनमसिंग राठोड साठ फुटांवर लोंबकळत होता. दोर रुखमाबाईच्या हातातून सरसरत पळाला. तिनं खाली बसकण मारली, दगडाला पाय लावले आणि धावत माणसं येईपर्यंत तो धरून ठेवला. चार बोटांची साल गेली, पूनमसिंग राहिला. "काई झालं तरी दोर सोडाचा नाई," हा तिचा एकच कायदा होता, आणि तिच्या टोळीत तो मोडायची कोणाची छाती नव्हती.

भीमराज सात वर्षांपूर्वी गेला. विहिरीत नव्हे, घरी, स्वतःच्या बाजेवर, न्यूमोनियानं. हे ती भेटायला आलेल्या प्रत्येकाला मुद्दाम सांगे.

अशी ही रुखमाबाई फेब्रुवारीतल्या एका शनिवारी दुकानात येऊन बसली आणि म्हणाली, "शेठ, आज विहिरीचा नाई पायजे. होडीचा पायजे."

"होडीचा?" दीनानाथ शेठनं चष्मा कपाळावर चढवला. "काहून व बाई, धरण फुटलं काय?"

"माही पोरगी सांगन," असं म्हणून तिनं मागे उभ्या असलेल्या प्रियंकाकडे बोट केलं. ते बोट नुसतं दाखवत नव्हतं, मिरवत होतं.

प्रियंका तिची एकुलती एक मुलगी. दिग्रसच्या एका मुलींच्या शाळेत खेळाची शिक्षिका. कॉलेजात असताना एनसीसीच्या नौदल तुकडीत तिनं शिडाची होडी चालवायला शिकून घेतली होती आणि तेव्हापासून ते खूळ तिच्या डोक्यातून गेलं नव्हतं. बोरखेडीत, घरामागच्या टिनाखाली, दोन उन्हाळे खपून तिनं प्लायवूडची अकरा फुटांची होडी बांधली. गावानं आधी तिला कोंबड्यांचं खुराडं समजून विचारपूस केली. डोलकाठी म्हणून तिनं तुषार सिंचनाचा ॲल्युमिनियमचा पाइप उभा केला, तेव्हा लोकांना वाटलं की खुराड्याला पाणीही सोडणार आहे. शीड मात्र खरं होतं, तिच्या जुन्या प्रशिक्षकांनी पाठवलेलं.

होडी नुसती हौसेची नव्हती. अरुणावतीच्या धरणात शाळेच्या मुलींना शीड चालवायला शिकवायचं, असा प्रियंकाचा बेत होता. शाळा तयार होती, मुली तर अर्ध्या पाण्यातच होत्या. पण त्याआधी पुण्याहून साकेत दामले नावाचे परीक्षक येऊन होडी तपासणार होते. होडी पास झाली तर वर्ग सुरू. नाही झाली तर मुली काठावरच, आणि पुन्हा तपासणी पुढच्या वर्षी. दामल्यांनी पाठवलेल्या कागदावर दोर आणि कप्प्यांची नावंच अशी होती की ती इथल्या बाजारात कोणी ऐकली नव्हती. शाळेच्या पालकसभेत कोणीतरी म्हणालं, हे सामान आपल्याकडे मिळायचं नाही, राहू द्या. तेव्हा मागच्या रांगेतून रुखमाबाई उभी राहिली होती आणि सगळ्यांदेखत म्हणाली होती, "दोर अन् कप्पी माह्यावर सोडा. ह्या जिल्ह्यात दोर भेटत नाई म्हंता? मी जिती हाय अजून."

म्हणजे आता पणाला फक्त होडी नव्हती. रुखमाबाईचा शब्दही होता.

"दोन दोर लागते," प्रियंकानं दुकानात सांगितलं. "एक शीड वर चढवाले. चढवला का बांधून टाकाचा. थो लांबला नाई पायजे, माय. बोटभर लांबला तरी शीड ढिलं पडते."

"म्हंजे नायलॉन बाद," रुखमाबाई म्हणाली.

"अन् आतापर्यंत तं नायलॉनच नेत होत्या तुमी!" शेठ म्हणाला.

"विहिरीत माणूस झटका खाते, शेठ. दोर जरासा लांबला तं त्याची कंबर वाचते. इथी कोणाची कंबर वाचवाची हाय? काढा तुमचं वीस किलोचं वजन."

दुकानाच्या तुळईला लोखंडी आकडा होता. त्याला एकेक दोर बांधून रुखमाबाईनं खाली वजन टांगलं, आधी आणि नंतर भिंतीवर खडूनं रेघा ओढल्या. नायलॉन तीन बोटं उतरला. पिवळा प्लास्टिकचा दोर एक बोट उतरला, पण तो उन्हात कडक होऊन भुगा होतो हे ती जाणून होती. वेणीसारखा विणलेला पांढरा पॉलिस्टरचा दोर मात्र नखभर सरकला आणि तिथंच थांबला. "हा," ती म्हणाली. शेठनं त्या भिंतीवरच्या रेघा पुढे कित्येक दिवस पुसू दिल्या नाहीत.

दुसरा दोर हातात धरायचा होता. शीड खालच्या बाजूनं एका आडव्या काठीला बांधलेलं असतं. ती काठी जवळ आणायची तर हा दोर ओढायचा, लांब जाऊ द्यायची तर सोडायचा. सगळं होडी चालवणं त्या ओढण्या-सोडण्यात. इथे रुखमाबाईनं ताण पाहिलाच नाही. शाळेतल्या मुलींचे हात डोळ्यांपुढे आणले आणि दोर गालावर घासून पाहिला. "बारीक घेतला तं बोटं कापन. जाडा घेतला तं पोरींच्या मुठीत मावनार नाई." तीन सूत जाडीचा, मऊ विणीचा दोर तिनं बाजूला ठेवला.

मग कप्प्या. विहिरीची लोखंडी कप्पी या होडीवर लावली असती तर होडी तिथंच बुडाली असती. शेठनं पॉलिहाऊसचे पडदे वर-खाली करायच्या स्टीलच्या छोट्या कप्प्या काढल्या. रुखमाबाईनं आधी लोहचुंबक मागवलं आणि ज्याला चुंबक चिकटलं ते गंजणार म्हणून परत केलं. मग प्रत्येक चाक कानाशी धरून फिरवलं. मग चाक आणि बाजूचा पत्रा यांच्यातल्या फटीत दोराचा एक धागा घालून पाहिला, कारण त्या फटीत दोर शिरला की कप्पी मेली. प्रियंका हातातला कागद विसरून पाहतच राहिली. जे तिला एनसीसीत पुस्तकातून शिकवलं होतं, ते सगळं तिची आई चुंबकानं आणि धाग्यानं करत होती.

इथपर्यंत सगळं नीट झालं. आणि मग, हौसेनं आणि पूर्ण आत्मविश्वासानं, रुखमाबाईनं चूक केली.

शेठच्या फळीवर एक कप्पी होती, तिच्या तोंडाशी दातेरी खटका होता. दोर ओढला की पुढे जातो, हात सैल पडला की खटका चावतो आणि दोर जागच्या जागी धरून ठेवतो. टोळीत त्या खटक्याला कुत्रं म्हणत. ओढणाऱ्याला चक्कर आली, मधमाश्या उठल्या, काहीही झालं तरी कुत्रं दोर सोडत नाही.

"हाताच्या दोराले ही," रुखमाबाई म्हणाली.

"माय, मले साधी पायजे होती."

"बिनकुत्र्याची कप्पी माह्या हातून लागत नाई."

प्रियंकाला क्षणभर खटकलं. पण मोठ्या होड्यांवरही दोर धरून ठेवायचे खटके असतात, आणि मुलींचे हात भरून येतील हेही खरं होतं. शिवाय ती त्याच घरात वाढली होती. दोर न सोडणारी वस्तू वाईट असू शकते, हे तिच्याही मनात पटकन येईना. चूक दोघींची अर्धी अर्धी होती, असं पुढे तिनंच कबूल केलं.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, होडी पाण्यात घातली. तपासणी पुढच्या रविवारी होती. धरणाकाठी अर्धी बोरखेडी जमली होती. शीड वर चढलं आणि इस्त्री केल्यासारखं ताठ राहिलं. प्रियंकानं दोर ओढला, कुत्र्यानं कुरकुर करत तो धरला आणि होडी निघाली. न इंजिन, न वल्हं. काठावरच्या बायांनी तोंडावर हात ठेवले. रुखमाबाईनं आजूबाजूला पाहिलं, सगळे पाहताहेत ना म्हणून.

टेकड्यांच्या फटीतून वाऱ्याचा झोत आला तेव्हा होडी बरीच आत होती. अशा वेळी हातातला दोर सोडून द्यायचा असतो. शीड मोकळं फडफडतं, वारा निघून जातो, होडी सरळ होते. प्रियंकानं दोर सोडला. कुत्र्यानं सोडला नाही. खटका उचलायचा तर आधी दोर आणखी थोडा ओढावा लागतो, आणि वाऱ्यानं भरलेलं शीड तिला एक बोटही ओढू देईना. होडी कलली, आणखी कलली आणि कुशीवर आडवी झाली. शीड पाण्यावर पसरलं.

प्रियंकाच्या अंगात फुगीर जॅकेट होतं, ती पोहणारी होती, मासेमारांची होडी दोन मिनिटांत तिच्याजवळ पोचली. तेवढ्यात रुखमाबाई लुगड्यासकट गुडघाभर पाण्यात उतरली होती. तिला पोहता येत नव्हतं, हे तिच्या ध्यानातही नव्हतं.

"काई लागलं नाई, माय," काठावर आल्यावर प्रियंका दम टाकत म्हणाली. "दोर सुटला नाई."

मागून कोणीतरी कौतुकानंच बोललं, "रुखमाबाईचा दोर हाय, सुटन कसा!"

जन्मभर हे वाक्य ऐकलं की तिची मान वर व्हायची. त्या दिवशी ते तिला चपराक बसल्यासारखं लागलं. ती तशीच ओल्या लुगड्यानं घरी गेली आणि संध्याकाळी जेवली नाही.

सकाळी चहा झाल्यावर तिनं विचारलं, "सोडला असता तं काय झालं असतं?"

"होडी उभी राह्यली असती."

"अन् तू?"

"मी बी."

रुखमाबाईनं कप खाली ठेवला. मग म्हणाली, "दाखव."

शाळा सुटल्यावर प्रियंकानं होडी काठाजवळ, कंबरभर पाण्यात आणली. खटका काढून टाकला होता. आईला आत बसवून तिनं दोराचं शेपूट तिच्या हातात दिलं आणि स्वतः पाण्यात उभी राहून होडी धरली. वारा आला, शीड भरलं, दोरानं रुखमाबाईचा हात ओढला. "सोड, माय!" प्रियंका ओरडली. रुखमाबाईची मूठ आणखी आवळली. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा तिनं सोडायचं असं ठरवूनच दोर धरला होता, मनात शब्दही घोकत होती. वारा आल्याबरोबर तिचे पाय आपोआप पुढच्या फळीला टेकले, पाठ मागे गेली आणि मूठ दगड झाली. प्रियंकानं सगळं अंग टाकून होडी धरून ठेवली म्हणून बरं.

"मले समजते," रुखमाबाई खाली उतरत म्हणाली. "हाताले समजत नाई."

"राहू दे. तुले थोडी चालवाची हाय? तू फक्त निवडून दे."

बुधवारी ती परत दीनानाथ शेठच्या दुकानात गेली. तुळईखाली चारपाच गिऱ्हाइकं होती, त्यातला एक ढाणकीचा विहीरवाला तिला ओळखणारा. तिनं कुत्र्याची कप्पी गल्ल्यासमोर ठेवली.

"खराब निघाली काय?" शेठनं घाईनं विचारलं.

"कप्पी चांगली हाय. मी चुकली," रुखमाबाई म्हणाली, आणि हळू आवाजात नाही, सगळ्या दुकानाला ऐकू जाईल असं म्हणाली. "माही निवड चुकली. होडीले धरनारी कप्पी नाई लागत. सोडनारी लागते."

शेठच्या हातातला कागद हातातच राहिला. चाळीस वर्षांत या बाईच्या तोंडून 'चुकली' हा शब्द त्यानं ऐकला नव्हता. ढाणकीवाल्यानं तर मान दुसरीकडे वळवली, जणू काही बघू नये ते बघितलं. पण चूक कबूल करतानाही रुखमाबाईचा ताठा तसूभर कमी झाला नव्हता. चुकली तीही दोराच्या बाबतीतच, आणि दुरुस्त करणार तीही तीच. त्यात लाजायचं कशाला?

मग तिनं जी निवड केली तिला तोड नाही. विहिरीवर ती कप्पीला विचारायची, 'किती धरशील?' आता विचारू लागली, 'किती लवकर सोडशील?' तीन चाकांतून दोर ओवायचा, शेपूट वर धरायचं आणि सोडून द्यायचं. दोर स्वतःच्या वजनानं सरसर खाली यायला हवा. पहिल्या तीन कप्प्यांत तो मधेच थबकला. चौथीत आला, पण खुरडत. सातव्यांदा नापास झाल्यावर शेठ स्वतः शिडी लावून माळ्यावर चढला आणि धूळ खात पडलेला एक खोका घेऊन उतरला. त्यातली चाकं थोडी मोठी होती, आत बारीक छर्रे होते. तोच तीन सूत जाडीचा दोर त्यांतून ओवला आणि रुखमाबाईनं बोटं उघडली. दोर थेट जमिनीवर जाऊन पडला.

"हे पाह्य," ती ढाणकीवाल्याला म्हणाली, "आवाज बी नाई."

घरी तिनं दोर गरम पाण्यात बुडवून त्याची नवी खळ काढली, सावलीत वाळवला आणि दोन्ही टोकं सुतानं गुंडाळून बांधली. शनिवारी संध्याकाळपर्यंत होडी तयार होती.

रविवारी साकेत दामले आले. चाळिशीचा, उन्हानं रापलेला, कमी बोलणारा माणूस. त्यांनी होडीभोवती दोन चकरा मारल्या, पाइपाच्या डोलकाठीवर टिचकी मारली, शीड चढवायचा दोर दोन्ही हातांनी ओढून पाहिला. "ताणत नाही. कुठून मागवला?"

"दिग्रसहून," प्रियंका म्हणाली.

"आणि या कप्प्या?"

"पॉलिहाऊसच्या पडद्याच्या हायत, सर. माझ्या आईनं निवडल्या."

त्यांनी भुवया उंचावल्या, हातात धरायचा दोर ओढून सोडून दिला आणि तो किती झटकन निघून गेला ते पाहिलं. मग पुन्हा एकदा ओढून पुन्हा सोडला. दुसऱ्यांदा तपासायला नव्हे, मजा म्हणून, असं रुखमाबाईला वाटलं आणि तिला हा माणूस आवडला.

"सामान उत्तम आहे," ते म्हणाले. "पण होडी शिकाऊ मुलींसाठी आहे. तेव्हा दोर अशा माणसाच्या हातात द्यायचा की ज्यानं शीड कधी चालवलं नाही. त्याच्या हातून ती सांभाळली गेली तरच मी सही करतो. तुमच्या मुलींना तुम्ही काठावर शिकवलं असणारच, म्हणून त्या नकोत." त्यांनी जमलेल्या लोकांवरून नजर फिरवली आणि ती थांबली. "मावशी, तुम्ही याल?"

प्रियंकाचा चेहरा उतरला. "सर, आईला नको. दुसरं कोणी—"

"काहून?" रुखमाबाई फणकारली. "मले काय धाड भरली?"

तोंडानं म्हणाली खरी, पण सोमवारची ती मूठ ती विसरली नव्हती. आज बुडाली तर होडी नापास, मुली वर्षभर काठावर, आणि नापास करणारे हात तिचे. नाही म्हणायची सोय होती. पण मग पालकसभेत उभं राहून बोललेला शब्द कोणी खरा करायचा? तिनं जॅकेट अंगात चढवलं, लुगड्याचा काचा खोचला आणि होडीत जाऊन बसली. मागे प्रियंका सुकाणू धरून बसली. दामले मासेमारांच्या मोटारहोडीत बसून थोड्या अंतरावरून येऊ लागले.

काठ लांब गेला. दोर रुखमाबाईच्या हातात होता, मऊ, ओलसर, थोडासा थरथरणारा. तो ओढला की होडी पळे, सैल केला की मंदावे, आणि हे तिला सांगावं लागलं नाही. दोन वळणं झाली. विहिरीच्या काठावर ती नेहमी खाली अंधारात बघत आली होती. आज समोर नुसता उजेड होता आणि पाणी धरणाच्या भिंतीपर्यंत पसरलेलं. तिला छान वाटत होतं, आणि छान वाटतंय याचीच भीती वाटत होती.

मग टेकड्यांकडून पाणी काळपट होत, सुरकुतत त्यांच्याकडे येताना तिला दिसलं.

झोत आला. शीड टम्म भरलं. दोरानं तिच्या खांद्याला हिसका दिला आणि तिचे पाय फळीला टेकले, पाठ मागे गेली, मूठ आवळली. होडी कलली. तिच्या बाजूचा काठ वर उचलला, पलीकडचा पाण्याला टेकला. मागून आवाज येईल म्हणून ती वाट पाहत होती. प्रियंका काही बोलली नाही. पाणी आत यायला लागलं. आणि रुखमाबाईच्या ध्यानात आलं की या दोराच्या दुसऱ्या टोकाला कोणी माणूस लटकलेलं नाही. तिथं नुसता वारा आहे. तिचं माणूस मागे बसलंय, सुकाणू धरून, तिच्या भरवशावर.

तिनं मूठ उघडली.

दोर तिन्ही चाकांतून सळसळत गेला, कुठंही अडला नाही, थबकला नाही. शीड मोठ्यानं फडफडलं आणि होडी पाणी झटकून उभी राहिली. काठावरून ओरडा झाला. तो इतका लांबून येत होता की आधी तिला तो बगळ्यांचा वाटला. मोटारहोडीत दामले उठून उभे राहिले होते. "पास, मावशी!" ते दोन्ही हात वर करून ओरडत होते. "होडी पास!"

रुखमाबाईनं उघड्या तळव्याकडे पाहिलं. मग मान मागे वळवून लेकीवर डोळे वटारले.

"बुडालो असतो ना! 'सोड' म्हणून ओरडली काहून नाई?"

प्रियंकाचे डोळे भरले होते आणि ती हसत होती. "टोळीत तुले कोणी सांगत होतं काय व माय, दोराचं काय कराचं थे?"

एवढा मान आजवर तिला कोणी दिला नव्हता, आणि देणारी पोटची पोर होती. तिनं पदरानं तोंड पुसलं, पाण्यात गेलेलं दोराचं शेपूट शोधून हातात घेतलं आणि शीड भरेपर्यंत ओढलं.

"परत कायले जातं?" ती म्हणाली. "धरणाच्या भिंतीपावतर चाल."